जिझेलनं त्याला माफ का करावं?

मैत्रिणींनो, बॅले म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पांढरेशुभ्र झगे, चवड्यांवर तुरूतुरू चालणाऱ्या काटकुळ्या पोरी आणि मागं व्हायोलिन. दिसायला छान, पण कळत काही नाही, असंच ना? माझ्या मोठ्या जाऊबाई तर दर फोनला विचारतात, "काय गं, त्या मुक्या नाचाला परत जाऊन आलीस? तेही पैसे देऊन?"

हो, जाऊन आले. परत जाणारही आहे. माझं माहेर कऱ्हाडचं. लग्न करून लंडनला आले त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. पहिली काही वर्षं घर, मुलं, नोकरी यातच गेली. मग कामावरच्या एका मैत्रिणीनं मला इथल्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये नेलं. तिथे मागच्या बाजूला उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं मिळतात. पोटऱ्या भरून येतात, पण खिशाला परवडतं. तेव्हापासून हे वेड लागलं ते लागलंच. आणि त्यातही एका बॅलेचं जरा जास्तच. त्याचं नाव 'जिझेल'.

तुम्ही म्हणाल, एकच गोष्ट परत परत काय बघायची? पण आपल्याकडे जुनी माणसं 'एकच प्याला'मधली सिंधू कुणी कशी केली यावर तासन्‌तास बोलायची की नाही? गोष्ट सगळ्यांना पाठ, तरी नवी सिंधू आली की तिकिटं काढायचीच. तसंच हे. गोष्ट तीच, पण ती नाचणारी बाई बदलली की गोष्टीचा अर्थ बदलतो. आणि 'जिझेल'मध्ये तर प्रश्नच असा आहे की त्याचं उत्तर प्रत्येक बाईला आपलं आपण शोधावं लागतं.

आधी गोष्ट सांगते. जर्मनीतलं एक खेडं. द्राक्षांच्या सुगीचे दिवस. जिझेल ही विधवा आईची एकुलती एक मुलगी. नाचाची भारी हौस, पण काळजानं नाजूक. समोरच्या झोपडीत एक तरुण राहायला आलाय, साधा गावकरी म्हणून. त्याच्यावर तिचा जीव जडलाय. खरं तर तो आहे सरदार घराण्यातला अल्ब्रेख्त. नुसता वेश पालटून आलाय आणि त्याचं लग्न आधीच एका मोठ्या घरच्या मुलीशी, बाथिल्डशी ठरलंय. गावातला रानाचा रखवालदार हिलारियन, त्याचंही जिझेलवर प्रेम. तो अल्ब्रेख्तची लपवलेली तलवार शोधून काढतो आणि सगळ्यांसमोर बिंग फोडतो. नेमकी बाथिल्डही शिकारीच्या निमित्तानं गावात आलेली असते. ती आपल्या अनामिकेकडे बोट दाखवते, 'हा माझा आहे.' जिझेलचं भान सुटतं. केस मोकळे सोडून ती वेड्यासारखी फिरते, आणि तिथेच, आईच्या समोर तिचा जीव जातो.

हा झाला पहिला अंक. दुसरा अंक रात्रीचा, जंगलातला. लग्नाआधीच फसवल्या गेलेल्या, झुरून मेलेल्या मुलींची भुतं तिथे असतात. त्यांना म्हणतात 'विली'. त्यांची राणी मिर्था. रात्री कुणी पुरुष तावडीत सापडला की त्याला मरेपर्यंत नाचवायचं, हा त्यांचा नेम. आमच्या कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या काठी आजी आम्हाला भर दुपारी डोहाकडे जाऊ द्यायची नाही, 'आसरा ओढून नेतील' म्हणायची. युरोपातल्या आज्याही असंच काही सांगत असणार! तर या विली आधी हिलारियनला मारतात. मग जिझेलच्या कबरीवर फुलं घेऊन अल्ब्रेख्त येतो. मिर्था हुकूम सोडते. आणि जिझेल, जिला त्यानं फसवलं, जी त्याच्यापायी मेली, ती आडवी येते. रात्रभर त्याला सावरत, त्याच्या वाटचं नाचत त्याला जगवते. पहाटेचे टोले पडतात, विलींची ताकद संपते. तो वाचतो. ती कबरीत परत जाते.

बघा, आता प्रश्न हाच. तिनं त्याला का वाचवावं?

ही गोष्ट रचली पुरुषांनी, हे आधी ध्यानात घ्या. 28 जून 1841 ला पॅरिसच्या ऑपेरात 'जिझेल' पहिल्यांदा रंगमंचावर आला. कथा थिओफिल गोतिए या लेखकाची आणि त्याच्या एका नाटककार सहकाऱ्याची. विलींची दंतकथा गोतिएला जर्मन कवी हाइनच्या लेखनात सापडली. संगीत अडोल्फ आदाँचं. पहिली जिझेल कार्लोटा ग्रिसी, तेव्हा जेमतेम बावीस वर्षांची. गोतिएचा जीव कार्लोटावर होता आणि संसार मात्र तिच्या बहिणीबरोबर झाला, ही गोष्टही तिथे सगळ्यांना माहीत. आता फसवलं तरी माफ करणारी, मेली तरी प्रेम करणारी बाई अशा माणसाच्या लेखणीतून उतरावी यात नवल ते काय?

आणि गंमत ऐका. याच गोतिएनं पुढे 1858 साली पॅरिसच्या ऑपेरासाठी आपल्या शकुंतलेवर बॅले लिहिला. तो नाच बसवला लुसिआँ पेतिपानं, म्हणजे 'जिझेल'मध्ये पहिला अल्ब्रेख्त झाला होता त्यानंच! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले. अगदी बरोबर गिऱ्हाईक शोधलं म्हटलं. आश्रमातली साधी मुलगी, परका राजा, अंगठी, विसरणं आणि शेवटी बाईनं मोठ्या मनानं पदरात घेणं. पॅरिस काय नि कण्वाचा आश्रम काय, सोसायचं कुणी हे ठरलेलंच.

तरी मी हा बॅले बघते, कारण कागदावर जे लिहिलंय ते आणि नाचणारी बाई जे करते ते, यात फार अंतर असतं. जिझेल बघताना मी तीन ठिकाणी डोळे लावून बसते. पहिलं, पाकळ्यांचं. जिझेल फुलाच्या एकेक पाकळीवर 'प्रेम आहे, प्रेम नाही' असं मोजत जाते आणि कौल 'नाही' येणार हे तिच्या ध्यानात येतं. ती फूल टाकून देते. अल्ब्रेख्त ते उचलतो, हळूच एक पाकळी गाळतो आणि 'बघ, आहे' म्हणून दाखवतो. त्याचं खोटं बोलणं तिथून सुरू होतं. दुसरं, वेड लागतानाचं. आणि तिसरं, दुसऱ्या अंकात ती मिर्थाच्या पुढे आडवी होते, तेव्हाचे तिचे हात. विनवणीचे आहेत की मनाईचे?

अलीकडच्या काळातल्या दोघींची तुलना करते. रॉयल बॅलेमध्ये पीटर राइट यांनी 1985 साली बसवलेला 'जिझेल' चालतो. त्यात नतालिया ओसिपोव्हा आणि कार्लोस अकोस्टा यांचा 2014 सालचा, आणि मारियानेला नुन्येझ आणि वादिम मुंतागिरोव्ह यांचा 2016 सालचा प्रयोग जगभरच्या सिनेमागृहांत थेट दाखवला होता. मी दोन्ही पाहिले, पुढे डिस्क आणून घरीही पाहिले.

ओसिपोव्हा मॉस्कोची. तिची उडी अशी की बाई खाली कधी येणार असं वाटावं. पहिल्या अंकात ती सतत धाप लागल्यासारखी, घाईत असते. जणू आपल्याला वेळ थोडा आहे हे हिला आधीपासून माहीत आहे. वेड लागतं तेव्हा तर बघवत नाही. चेहरा सुंदर दिसावा याची तिला अजिबात पर्वा नसते. काही जाणकारांना ते फार वाटतं. मला नाही वाटत. ज्या मुलीचं जग सगळ्या गावासमोर कोसळलंय तिनं नीटनेटकं का दिसावं? दुसऱ्या अंकात मात्र ती बाई उरतच नाही, नुसती वाऱ्याची झुळूक. तिची क्षमा माणसाची नाहीच, ती पलीकडची.

नुन्येझ अर्जेंटिनाची. तिची जिझेल हसरी, भरल्या घरातली वाटावी अशी. पहिल्या अंकात एका पायाच्या अंगठ्यावर लंगडी घातल्यासारख्या उड्या मारत तिरकं रंगमंच ओलांडायचं असतं. बऱ्याच जणींच्या चेहऱ्यावर तिथे परीक्षा दिसते. नुन्येझच्या चेहऱ्यावर नुसतं 'आई, बघ ना!' असतं. (त्या बुटांत लाकूड असतं असं पुष्कळांना वाटतं. नसतं बरं का. कापड, कागद आणि खळ यांचे थर असतात, वरून साटीन. आणि ते बूट फार लवकर मऊ पडून वाया जातात.) म्हणूनच ती कोसळते तेव्हा जास्त लागतं, कारण हिला काही होईल असं आपल्याला वाटलेलंच नसतं. आणि दुसऱ्या अंकातले तिचे हात? मला ते मनाईचे वाटतात. ती मिर्थाला विनवत नाही, 'पुरे' म्हणते. दोघींतून एक निवडायची तर मी नुन्येझला निवडेन. माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्या ओसिपोव्हाला निवडतात. मध्यंतरात आमचं यावरून रीतसर भांडण होतं.

त्याच बाईंकडून जुन्या जिझेल ऐकायला मिळतात. 1956 साली मॉस्कोचं बोल्शोय पहिल्यांदा लंडनला आलं, तेव्हा गलिना उलानोव्हा 46 वर्षांच्या होत्या आणि त्यांनी या कोवळ्या पोरीची भूमिका केली. त्याचं चित्रीकरण आजही बघायला मिळतं. पहिलं मिनिटभर वय दिसतं, मग दिसेनासं होतं. क्यूबाच्या अलिसिया अलोन्सोंची गोष्ट तर विलक्षण. ऐन तारुण्यात डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या, डॉक्टरांनी न हलता पडून राहायला सांगितलं. पडल्या पडल्या ही बाई बोटं चालवून चादरीवर 'जिझेल'चा नाच शिकली! 2 नोव्हेंबर 1943 ला न्यूयॉर्कला ठरलेली नर्तकी आजारी पडली, आणि अलोन्सो उभ्या राहिल्या. पुढे दृष्टी जवळजवळ गेली, तरी रंगमंचावरच्या दिव्यांच्या अंदाजानं आणि जोडीदाराच्या भरवशानं त्या कित्येक वर्षं नाचल्या. ज्या बाईला डोळ्यांनी दिसत नाही तिनं अल्ब्रेख्तवर भरवसा ठेवायचा, म्हणजे काय असेल विचार करा.

आणि ओल्गा स्पेसिव्त्सेव्हा. वेड लागण्याचा प्रवेश खरा व्हावा म्हणून ही रशियन नर्तकी वेड्यांच्या इस्पितळात जाऊन बायकांना बघत बसायची असं सांगतात. पुढे तिचंच मन ढासळलं आणि अमेरिकेत वीसेक वर्षं तिला इस्पितळात काढावी लागली. हे वाचल्यापासून तो प्रवेश चालू असताना कुणी कौतुकानं टाळ्या वाजवल्या की मला नको वाटतं.

स्वीडनच्या मॅट्स एक यांनाही (आडनावच 'एक' आहे हो!) ते नको वाटलं असावं. 1982 साली त्यांनी 'जिझेल' नव्यानं बसवला. त्यात जिझेल मरत नाही. दुसरा अंक भुतांच्या जंगलात नाही, वेड्यांच्या इस्पितळात. विली म्हणजे तिथल्या रुग्ण बायका आणि मिर्था तिथली परिचारिका. आना लगुना या नर्तकीनं ती जिझेल अशी केली की खेड्यातल्या एखाद्या 'जरा वेगळ्या' मुलीची आठवण यावी. आपल्याकडे प्रत्येक गावात अशी एक असते ना, जिला सगळे हसतात आणि कुणीतरी फसवतं, तशी. मरून पांढऱ्या झग्यात सुंदर होण्याची सोय एक यांनी काढूनच घेतली. शेवटी अल्ब्रेख्त उघडाबोडका होऊन गावात येतो आणि त्याच्या अंगावर पांघरूण घालतो कोण? तर हिलारियन!

हिलारियनबद्दल मला कायम राग येतो, म्हणजे त्याच्यावर नाही, त्याच्यासाठी. तो रांगडा असेल, आगाऊही असेल, पण तो खरं बोलला. मूळ बॅलेत त्याला विली मारून टाकतात आणि खोटं बोलणारा सरदार वाचतो. जिझेल हिलारियनच्या आड येत नाही. गरिबाला कुणी माफ केलं नाही, ही गोष्ट इतकी सुंदर संगीतात बुडवून सांगितलीय की पटकन ध्यानातच येत नाही.

हे ज्यांच्या ध्यानात आलं त्यातले एक अक्रम खान. लंडनमध्ये बांगलादेशी घरात वाढलेले, लहानपणापासून कथक शिकलेले. त्यांचा 'जिझेल' इंग्लिश नॅशनल बॅलेनं सप्टेंबर 2016 मध्ये मँचेस्टरला पहिल्यांदा सादर केला. त्यात द्राक्षं नाहीत, सरदार नाहीत. कपड्यांच्या कारखान्यात राबणारे स्थलांतरित कामगार आहेत. कारखाना बंद पडलाय, कामगार एका प्रचंड भिंतीच्या अलीकडे अडकलेत. पलीकडून मालक लोक भारी भारी पोशाख घालून येतात. मूळ बॅलेतही जिझेल बाथिल्डच्या झग्याला हळूच हात लावून बघते, कारण असं कापड तिनं कधी पाहिलेलं नसतं. इथे ती हात लावते तेव्हा तिला ते ओळखू येतं, कारण ते तिच्यासारख्यांच्याच हातांनी शिवलेलं असतं! त्या एका स्पर्शाला माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या अंकात विली म्हणजे कारखान्यात मेलेल्या कामगार बायका, केस मोकळे, हातात लांब काठ्या. काठ्यांचा तो आवाज अजून कानात आहे.

तेव्हा जिझेल होती तमारा रोहो. तीच त्या संस्थेची संचालकही होती. खान यांच्या जिझेलनंही अल्ब्रेख्तला सोडलं, पण त्याला घरी जाता आलं नाही. शेवटी तो भिंतीच्या या बाजूला एकटा उरतो, तिच्या माणसांसारखाच बेघर.

या बॅलेचं चित्रीकरण 2017 साली झालं, त्याची डिस्क मी एकदा कऱ्हाडला घेऊन गेले होते. तेव्हा माझ्या भाचीचं, म्हणजे भावाच्या मुलीचं, लग्न ठरून मोडायच्या बेताला आलं होतं. तिच्या परवानगीनंच हे लिहितेय. साखरपुडा झाला होता, हॉल ठरला होता, पत्रिका छापून आल्या होत्या, आणि मुलाचं दुसरीकडे आधीपासून जमलेलं आहे हे कळलं. तो रडला, चूक झाली म्हणाला. मग सगळ्यांचं सुरू झालं, 'अगं, माफी मागतोय ना, घे पदरात. पुरुषाची जात.' पोर आठवडाभर बोललीच नाही कुणाशी. मी तिला उगाच करमणूक म्हणून डिस्क लावून दिली. ती शेवटपर्यंत गप्प बसून बघत होती. संपल्यावर म्हणाली, "आत्या, हिनं त्याला माफ केलं, पण त्याच्याबरोबर गेली नाही ना?"

"नाही गं, ती तर मेलेली आहे," मी म्हटलं.

"तेच म्हणतेय. माफ करणं वेगळं आणि बरोबर जाणं वेगळं. मेल्याशिवाय नाही का करता येत असं?"

दुसऱ्या दिवशी तिनं अंगठी परत पाठवली. त्या मुलाबद्दल ती आजही वाकडं बोलत नाही. पण पत्रिकांचा गठ्ठा मात्र तिनं स्वतःच्या हातानं बंबात घातला.

हे असं काही बॅले बघून होतं असा माझा दावा नाही. ती मुळातच खंबीर. पण त्या दिवसापासून माझं जिझेल बघणं बदललं हे खरं. आता मी 'ती माफ करते का' हे बघत नाही, 'कसं करते' ते बघते.

सप्टेंबर 2022 मध्ये लंडनच्या कोलिसियम नाट्यगृहात एक 'जिझेल' झाला. नाचणारे होते युद्धामुळे देश सोडावा लागलेले युक्रेनचे कलाकार. त्यांना नेदरलँड्समध्ये, हेग शहरातल्या एका जुन्या संगीतशाळेच्या इमारतीत आसरा मिळाला होता. बसवला होता अलेक्सी रातमान्स्की यांनी, तेही कीव्हमध्ये वाढलेले. कीव्हच्या शाळेत शिकलेली रुमानियाची अलिना कोजोकारू त्यांच्याबरोबर पाहुणी म्हणून नाचली. रातमान्स्कींनी जुनी टिपणं शोधून 1841 सालचा मूळ शेवट परत आणला. त्यात जिझेल जाता जाता अल्ब्रेख्तला खूण करते, बाथिल्डशी लग्न कर. आधी मला हे ऐकूनच चीड आली. मेली ती मेली, वर त्याचं लग्नही हिनंच लावून द्यायचं? पण प्रत्यक्षात बघताना वेगळं वाटलं. सगळं गमावलेली माणसं समोर नाचत होती आणि म्हणत होती, मागं राहिलेल्यांनी जगावं. शेवटी त्यांनी राष्ट्रगीत म्हटलं, तेव्हा रडलं नाही असं कुणी आमच्या रांगेत नसावं.

आणि या सगळ्यांच्या समोर एकटी उभी आहे ती डाडा मसिलो. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोची मुलगी. बॅले शिकली, आणि मग बूट काढून अनवाणी नाचली. तिचा 'जिझेल' 2017 सालचा, 2019 साली ब्रिटनच्या दौऱ्यावर आला तेव्हा मी पाहिला. गाव आफ्रिकेतलं. बायका वाकून शेतात राबतायत. विली पांढऱ्या नाहीत, लालभडक, आणि त्यांत पुरुषही आहेत, कारण जीव काही फक्त बायकांचाच तुटत नाही. मिर्था म्हणजे तिकडची भगतीण, पूर्वजांशी बोलणारी. आणि डाडाची जिझेल अल्ब्रेख्तला सोडत नाही. आसूड उचलते आणि मारून टाकते.

नाट्यगृहात क्षणभर चिडीचूप. मग टाळ्यांचा कडकडाट. माझे हात मात्र पटकन उठेनात. मला तो शेवट पटला का? सांगायचं तर, पूर्ण नाही. पण इतक्या वर्षांत कुणीतरी एकदा तरी 'नाही' म्हणायला हवं होतं, ते तिनं म्हटलं. 'नाही' म्हणता येत असेल तरच 'हो' म्हणण्याला किंमत. 29 डिसेंबर 2024 ला डाडा मसिलो गेली. वय अवघं 39. बातमी वाचली तेव्हा भाजी चिरत होते, सुरी खाली ठेवून बसून राहिले.

तर मैत्रिणींनो, माझं मत विचाराल तर असं. मूळ जिझेल त्याला वाचवते ती त्याच्यासाठी नाही. मरून विली झाली की सूड हा नेम होतो, रोज रात्री तेच करायचं, कायमचं. मिर्था दुष्ट नाही, ती अडकलेली आहे. जिझेल तिच्यासारखी व्हायचं नाकारते. एवढंच. ज्या नर्तकीला हे कळतं, तिचे हात विनवणीचे होत नाहीत. नुन्येझला हे कळलंय. रोहोलाही कळलं होतं. आणि ज्या नुसत्या गोड, शहाण्या, सोशिक होऊन नाचतात, त्यांची तंत्रशुद्धता कितीही वाखाणलेली असो, माझ्या पोटऱ्या त्या दिवशी लवकर दुखायला लागतात.

एक गोष्ट मात्र कुणीच केलेली मला दिसली नाही. जिझेलच्या आईचं काय? बर्था तिचं नाव. पहिल्या अंकात ती पोरींना बजावून सांगते. डोक्यावर दोन्ही हात गोल फिरवले की 'नाच', मनगटं एकमेकींवर आडवी ठेवून मुठी वळल्या की 'मरण'. म्हणजे नाचशील तर मरशील. सगळं आधी ओळखणारी एवढी एकच बाई. पडदा पडताना ती लेकीच्या अंगावर कोसळलेली असते. आणि दुसऱ्या अंकात? कबरीवर हिलारियन येतो, अल्ब्रेख्त येतो, आई येतच नाही. तिनं माफ केलं का, हे तिला कुणी विचारलंच नाही.

रॉयल बॅलेच्या यूट्यूब चॅनेलवर 'जिझेल'चे तुकडे फुकट बघायला मिळतात. दुपारी कामं आवरली की मोबाइलवर लावा. एक पाय मागं उचलून, लंगडी घातल्यासारख्या विली दोन्ही बाजूंनी एकमेकींतून आरपार जातात, ते तर चुकवूच नका. शेजारी लेक असेल तर तिलाही बसवा. आणि पहिल्या अंकाचा तुकडा मिळाला तर नाचणाऱ्यांच्या मागं, घराच्या दारात उभ्या असलेल्या आईकडेही बघा. मी आता दरवेळी आधी तिलाच शोधते.